आमदाराचा पीए झालो तर पुढे पक्षात पद, तिकीट मिळतं का?

बी.ए. झालंय, गावाकडच्या आमदारांकडून पीएच्या कामासाठी बोलावणं आलंय, पुढे राजकारणात काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात आधी पीए होतो, मग तालुकाध्यक्ष झालो, म्हणून सांगतो.

होतं, पण लोक जी नावं घेतात ती जरा सांभाळून घ्या. दिलीप वळसे पाटील शरद पवारांचे पीए होते खरे, पण त्यांचे वडीलही आमदार होते. अभिमन्यू पवार 2019 ला औशातून आणि सुमित वानखेडे 2024 ला आपल्या आर्वीतून निवडून आले. दोघंही देवेंद्र फडणवीसांकडे काम केलेले. तिकीट जिथं ठरतं तिथंच त्यांची उठबस होती. तुम्ही बसणार तालुक्याच्या कार्यालयात.

तिथं सकाळचा पहिला फोन जळालेल्या डीपीचा, म्हणजे शेताकडच्या ट्रान्सफॉर्मरचा. हरभऱ्याचं ओलित अडलेलं आणि लाइनमन फोन उचलत नाही. मग निराधारचं अनुदान थांबलेली म्हातारी, नागपूरच्या मेडिकलमध्ये पेशंट घेऊन उभा असलेला कुणी, दुपारी भाऊंच्या, म्हणजे आमदारांच्या, बदली एखादी तेरवी. हिवाळी अधिवेशनात अर्धा तालुका विधानभवनाचे पास मागायला आमदार निवासात, अन् त्याच गर्दीत तुम्ही सभागृहात मांडायच्या लक्षवेधी सूचनेचा मसुदा लिहिणार. जीआर नीट वाचता येत असेल तर या कामात मजा आहे, हेही खरं.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. भाऊ कोणालाच नाही म्हणत नाहीत. "हाव, करून टाकू, याच्याशी बोलून घे" म्हणतात आणि नाही म्हणायचं काम तुमच्याकडे येतं. रस्ता झाला तर भाऊंनी दिला, नाही झाला तर पीएनं अडवला. असे दुखावलेले सरपंच तुम्ही तालुकाध्यक्ष झालात की हिशेब काढतात. बूथप्रमुख नेमायच्या बैठकीत जुने कार्यकर्ते तोंडावर म्हणतात, "सतरंज्या आम्ही उचलल्या, हा तर गाडीत फिरला." त्यांचं चुकतं असंही नाही.

पक्षाच्या पदाला पगार नाही, डिझेल घरचं. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या तिकिटाचा कागद, तुमच्याच खिशात आहे असं सगळ्यांना वाटतं, तो येतो मात्र वरून. आणि सोडतीत तुमच्या गटाचं आरक्षण बदललं, तर इतकी वर्षं केलेलं तिथंच अडतं.

तरी जा. वावर विकू नका, हवं तर मक्त्यानं द्या. भाच्याच्या नावावर ठेकेदारी करू नका, गावात तासाभरात कळतं. आपल्या गावचा बूथ स्वतः सांभाळा, कारण तिथली मतं उद्या तुमच्या नावावर मोजली जातील. पीएचं मानधन 2022 च्या घोषणेनं 25 हजारांवरून 30 हजार झालं, पण आमच्याकडे कार्यालयात पोरं चार अन् सरकारी नाव एकाचंच. ते नाव तुमचं आहे का, एवढं रुजू होण्याआधी विचारून घ्या.