कॉइलओव्हर घरी काढून साफ करता येतील का? उंची बदलायची कॉलर जाम झाली आहे

करता येतील, पण घाई करू नका. कॉइलओव्हर म्हणजे डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर) आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांचा एकत्र भाग, आणि कॉलर म्हणजे त्यावरची आट्यांची रिंग. आदल्या रात्री कॉलरवर आणि नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी जॅकस्टँडवरच उभी करा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका.

खोलण्याआधी दोन्ही बाजूंच्या कॉलरची जागा मोजून लिहून ठेवा. नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बोल्टभोवती मार्करने खूण करा, नाहीतर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, हलतो. मग ब्रेक होजचा क्लिप, एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारी दांडी) सोडवा. नकल लटकून होजवर ताण येऊ नये म्हणून ती तारेने बांधा. वर बॉनेटखाली फक्त कडेचे नट काढायचे. मधल्या मोठ्या नटला स्प्रिंगवरचा दाब पूर्ण उतरल्याशिवाय हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं.

आट्यांमधली माती कोमट साबणपाण्याने आणि नायलॉन ब्रशने काढा. तारेच्या ब्रशने वरचा लेप निघतो आणि गंज आणखी लवकर धरतो. कॉलर अडली तर छिन्नी-हातोडी नको, पुन्हा तेल सोडा आणि तिच्याच पान्याने थोडी मागे-पुढे हलवत सोडवा. ग्रीसला धूळ चिकटते, म्हणून शेवटी कोरडं वंगण लावलेलं बरं.

डॅम्परच्या दांड्यावर तेल ओघळलेलं किंवा खड्डे दिसले तर तो तज्ज्ञाकडेच द्या, आत दाबाखालचा वायू असतो.

सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळा, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने). नंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्याच.