सहा महिने फक्त अंगावरचं दूध: आड नेमकं काय येतं?

तुमच्या वहिनीचं सिझर झालं, तिसऱ्या रात्री बाळ रडायचं थांबेना म्हणून पावडरचा डबा आला, आणि तुम्ही विचारताय की निव्वळ अंगावर पाजणं कशाकशावर अवलंबून असतं. अभ्यासांत शिक्षण, पगार, पहिलटकरीण असणं, सगळं मोजलं जातं. माझ्या मते निम्मा निकाल त्या तिसऱ्या रात्रीच लागतो.

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५ ते ७ मिली मावतं, चमचाभर. तेवढ्याला चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्टसर दूध, पुरतो. भरून दूध उतरतं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सिझरनंतर कधी थोडं उशिरा. मधल्या रात्री बाळ तासातासाला छाती मागतं आणि त्या ओढण्यानेच दूध वाढतं. नेमकं तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतं, "हिला दूधच नाही." पावडर पाजली की बाळ तीन तास झोपतं, छाती तेवढा वेळ तटलेली राहते, आणि भरलेल्या छातीत दूध कमी बनतं. मग म्हणणाऱ्याचंच खरं ठरतं!

रडण्यावरून दूध मोजू नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत ६ तरी ओले हवेत, शू फिकट हवी. सुरुवातीला उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून यावं. बोंडशीला भेगा पडत असतील तर पकड चुकतेय. बाळाने मोठा आ केल्यावरच जवळ घ्या. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडशीखालचा काळा भाग जास्तीत जास्त तोंडात. टाके दुखत असतील तर बाळाला काखेत धरा, पाय पाठीकडे.

नोकरीचं म्हणाल तर २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा आहे. त्यातले ८ बाळंतपणाआधी घेतले की नंतर १८च उरतात, म्हणजे सहा महिने होण्याआधीच कामावर. तब्येत साथ देत असेल तर रजा उशिरा सुरू करावी. पुढे ऑफिसात काढलेलं दूध लोकलच्या गर्दीतून बर्फाच्या पिशवीसकट आणायचं. मुंबईच्या उकाड्यात ते बाहेर चार तासही ठेवू नये. घरी वाटी-चमच्याने पाजावं.

आणि गुटी, मध, पाणी! "आमची मुलं त्यावरच वाढली" हे मला पटत नाही. मे महिन्यातही वेगळं पाणी लागत नाही, दुधातच असतं. मध तर वर्षाखाली धोक्याचा. अळिवाची खीर करायची हौस असेल तर बाळंतिणीला द्या.

मात्र वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं, बाळ सुस्त पडलं किंवा शू कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यांनी वरचं दूध सांगितलं तर ते द्यायचंच. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंबही चालतात.

वहिनींचं दूध परत वाढू शकतं. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीचं चुकवायचं नाही, प्रत्येक वेळी आधी छाती आणि मगच वाटी. पावडर एकदम तोडू नका. दर दोन-तीन दिवसांनी वजन बघत थोडी थोडी कमी करा.