मूर्तींच्या कारखान्यात कारागिरांचे फोटो काढायचे आहेत. कोणती लेन्स नेऊ आणि पैसे किती सांगू?

लेन्स आहे ती न्या. ३५ मिमीची असेल तर उत्तम, कारण कारखान्यात मागे सरकायला जागा नसते. फ्लॅश घरी ठेवा.

आमच्या बडोद्यात दांडिया बाजारजवळ माझ्या भाऊजींचा शाडूच्या गणपतींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे वाड्याची पडवी आणि पुढे निळी ताडपत्री. त्यांना व्हॉट्सॲपवर टाकायला फोटो हवे होते. मी लग्नांचे फोटो काढणारा, "हार परत एकदा घाला" म्हणायची जिभेला सवय. गेलो तेही श्रावण संपता संपता, जेव्हा तिथे कुणाला पाणी प्यायला फुरसत नसते.

आखणीवाले काका दोन फुटी मूर्तीचा डावा डोळा करत होते. करंगळी सोंडेला टेकवून, श्वास धरून त्यांनी वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढली. मी नेमका तेव्हा आयएसओ बघत होतो. म्हटलं, "काका, तेच परत करा ना." माणूस भिडस्त. त्याच रेघेवरून पुन्हा ब्रश नेला, माझं शटर वाजलं आणि हात हलला. रेघ तांदळाएवढी जाड. बाप्पा एका डोळ्याने रागावलेले. डोळा पांढरा करून, वाळवून पुन्हा आखण्यात दीड तास गेला. काका काही बोलले नाहीत. ताई म्हणाली, "तू लग्नातच बरा."

भाऊजींचं अजून म्हणणं आहे की सगळ्यांना नवे झब्बे घालायचे, हातात कोरा ब्रश द्यायचा, दहा मिनिटांत काम. अहो, कोरा ब्रश धरलेला हात लगेच ओळखू येतो! बोटं सैल पडतात, नजर टोकावर नसते. पुढच्या वर्षी मी आषाढातच गेलो. काका उंदरांचे डोळे करत बसले होते. पंधरा उंदीर नुसते बघितले, सोळाव्याला हात कुठे येणार ते मला आधीच कळलं. कारखान्यात सगळं शंभरदा होतं. "परत करा" म्हणायचंच कशाला?

ट्यूबलाइटखाली शटर १/१०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवू नका, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभरदा मिणमिणतो आणि फोटोत पट्टे येतात. व्हाइट बॅलन्स ताडपत्रीखालीच पांढरा कागद धरून करा, नाहीतर ओला शाडू निळा दिसतो. कॉम्प्रेसरने रंग मारत असतील तर लेन्सवर फिल्टर हवाच.

तसं पोज देणं अगदीच वाईट नाही म्हणा. इथल्याच फाइन आर्ट्स कॉलेजचे चित्रकार ज्योती भट्ट १९६७ पासून गावोगावच्या लोककलेचे फोटो काढत आले. त्यांच्या फोटोंतही बायका आपण चितारलेल्या भिंतीपुढे सरळ उभ्या दिसतात. पण त्या उभ्या आहेत, चितारल्याचं नाटक करत नाहीत. भाऊजींना हे तीनदा दाखवलं. व्हॉट्सॲपवर पहिला फोटो मात्र झब्ब्यातला, कोऱ्या ब्रशसकट.

पैशांचं मला विचारू नका. माझे अजून यायचेत.