वाद्यविचार : जुन्या आराखड्यांच्या स्वस्त गिटारी

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे आणि दोन वर्षांपासून साधी गिटार वाजवतो. आता त्याला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे आणि ती स्ट्रॅटोकास्टरच्याच आकाराची हवी, असा त्याचा हट्ट आहे. जळगावच्या एका दुकानात आम्ही स्क्वायरची गिटार पाहिली. शेजारीच हुबेहूब तशी दिसणारी, वेगळ्या नावाची गिटार जवळजवळ निम्म्या किमतीत होती. दुकानदार म्हणाले, ‘सर, माल सारखाच आहे, पैसे फक्त नावाचे.’ हे खरे आहे का? आणि ही दुसरी गिटार नक्कल म्हणून बेकायदा तर ठरत नाही ना? सगळे मिळून २५,००० रुपये खर्च करण्याची तयारी आहे.
— एक शिक्षक, अमळनेर

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते निदान अर्धे तरी खरे का ठरते, हे समजण्यासाठी या वाद्याची मूळ घडण पाहावी लागते. स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या फेंडर कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथून त्यांनी १९५० साली जी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, तिची बॉडी म्हणजे एक सपाट फळी होती आणि नेक (ज्यावर बोटे ठेवून तारा दाबतात ती लांब मान) त्या फळीला मागून चार स्क्रूंनी आवळलेला होता. नेक खराब झाला तर तो काढून दुसरा बसवावा, असा तो सरळ हिशेब होता. हीच गिटार पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये कडा अंगाला लागू नयेत म्हणून घासून गोलसर केल्या गेल्या, तारांचे कंपन विद्युत्संकेतात बदलणारे तीन पिकअप आले, तारा सैल-ताठ करणारा ट्रेमोलोचा दांडा आला. पण यंत्रावर कापायची बॉडी आणि स्क्रूंनी जोडायचा नेक हे तत्त्व तेच राहिले. याउलट गिब्सन या दुसऱ्या कंपनीची १९५२ सालची लेस पॉल घ्या : तिचा माथा मेपल लाकडाचा, कोरून फुगीर केलेला, आणि नेक सरसाने सांधलेला व किंचित मागे कललेला. हे काम वेळखाऊ आणि तरबेज हाताचे. म्हणूनच किंमत निम्म्यावर आणताना फेंडरच्या आराखड्यातून फारसे काही गळत नाही, लेस पॉलच्या आराखड्यातून मात्र बरेच गळते, असे माझे स्पष्ट मत आहे. जो आराखडा मुळातच कारखान्यासाठी आखला गेला, त्याची स्वस्त प्रत चांगली निघते. आपल्या चिरंजीवांचा हट्ट या दृष्टीने शहाणपणाचा आहे.

आता कायद्याविषयी. स्क्वायर ही नक्कल नव्हेच. ते फेंडरचे स्वतःचेच दुसरे नाव आहे. तारा बनवणारी या नावाची जुनी अमेरिकी कंपनी फेंडरने १९६५ साली विकत घेतली होती आणि १९८२ पासून ते नाव जपानमध्ये बनलेल्या स्वस्त गिटारींवर घातले जाऊ लागले. गिब्सनच्या बाबतीत हीच जागा एपिफोनची आहे. दुसऱ्या गिटारीबद्दल सांगायचे तर, स्ट्रॅटोकास्टर व टेलिकास्टरच्या बॉडीच्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क मिळावा, ही फेंडरची मागणी अमेरिकेतील व्यापारचिन्ह मंडळाने २००९ साली फेटाळली, कारण तो आकार तोपर्यंत अनेक उत्पादकांच्या गिटारींवर सर्रास रुळलेला होता. नाव आणि हेडस्टॉकचा, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ताणण्याच्या खुंट्या असतात त्या भागाचा, विशिष्ट आकार मात्र कंपनीचाच राहिला. त्यामुळे सचोटीने धंदा करणारा उत्पादक बॉडी तशीच ठेवतो आणि हेडस्टॉक वेगळ्या वळणाचा कापतो. दुकानात हेडस्टॉककडेच आधी पाहावे. तिथे उत्पादकाचे स्वतःचे नाव असेल तर ती प्रामाणिक प्रत आहे. ‘फेंडर’ असे लिहून दहा हजारांत नवी गिटार कोणी देऊ करत असेल, तर मात्र ती सरळसरळ बनावट आहे आणि तिथून उठून यावे. (नावाच्या बाबतीत फेंडर स्वतःही एकदा अडचणीत आले होते. टेलिकास्टरचे आधीचे नाव ब्रॉडकास्टर होते, पण ग्रेच कंपनीचे ड्रम त्याच उच्चाराच्या नावाने विकले जात असल्यामुळे ते १९५१ मध्ये बदलावे लागले.)

निम्मी किंमत नेमकी कुठे वाचवली जाते? ती लाकडात कमी आणि हाताच्या कामात जास्त वाचवली जाते. म्हणून दोन्ही गिटारी मांडीवर घेऊन पुढील गोष्टी चिरंजीवांनाच पाहू द्या. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात खालपासून वरपर्यंत फिरवावा. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके कानशीने नीट घासलेली नसतील तर ती करवतीच्या दातांसारखी लागतात. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा दाबून वाजवावी. एखाद्याच ठिकाणी खरखर किंवा मुका आवाज आला, तर बहुधा त्याच्या पुढचा, म्हणजे बॉडीकडचा, फ्रेट वर उचललेला आहे. बाराव्या फ्रेटवर तार हलकेच स्पर्शून येणारा स्वर आणि ती तिथेच दाबून येणारा स्वर मोबाइलमधल्या ट्यूनरवर ताडून पाहावा. त्यात थोडा फरक असेल तर ब्रिजवरचे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथले, स्क्रू फिरवून तो काढता येतो, त्यामुळे तेवढ्यावरून गिटार नाकारू नये. शेवटी तिसरी तार दोन-चार वेळा जोरात ओढून सोडावी. ती सुरातून उतरली आणि ओढताना नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी) ‘टिक्’ असा बारीक आवाज आला, तर नटची खाच अरुंद आहे. हा दोष किरकोळ, पण नवशिक्याला महिनोन्‌महिने छळणारा असतो, कारण त्याला वाटते आपलाच कान कच्चा आहे.

या कसोटीला दुसरी गिटार उतरली तर खुशाल तीच घ्या, आणि उरलेल्या पैशांत बरा ॲम्प व एकदा जाणत्या माणसाकडून सेटअप, म्हणजे तारांची उंची व सुराची जुळणी, करून घ्या. मात्र जो नग तपासला तोच घरी न्यावा. ‘आतून सीलबंद पीस देतो’ हे सौजन्य इथे नको. स्वस्त गिटारींत एकाच खोक्याच्या दोन नगांमध्ये जेवढा फरक निघतो, तेवढा कधी कधी दोन कंपन्यांमध्येही निघत नाही. स्क्वायरमध्ये आपण मुख्यतः हा बेभरवसा कमी करण्याचे पैसे देता. यामाहाची पॅसिफिका मालिकाही याच घराण्यातली असून तिच्या कामातला एकसारखेपणा वाखाणण्याजोगा आहे. ती मिळाली तर तिसरी म्हणून अवश्य हाताळावी.

एक सूचना ट्रेमोलोबद्दल. स्वस्त गिटारींत हाच भाग सर्वांत कच्चा असतो आणि दांडा दाबला की सूर परत जागेवर येत नाही. मागचे प्लास्टिकचे झाकण काढले की आत स्प्रिंगा दिसतात. त्या ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात, तिचे दोन स्क्रू ब्रिज बॉडीला टेकेपर्यंत आवळावेत. पहिले वर्षभर दांड्याशिवायच वाजवलेले बरे.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात टेलिकास्टरच्या नमुन्याची गिटार घेतली. तेव्हा ती हाताला गुळगुळीत होती. मे महिन्यात फ्रेटची टोके बोटांना टोचू लागली आणि काही स्वर खरखरू लागले. गिटार सदोष निघाली असे समजावे का? उन्हाळ्यात ती कूलरच्या खोलीत भिंतीवर टांगलेली असते.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : ती सदोष आहे असे म्हणता येणार नाही, लाकूड पुरते मुरवून वाळवलेले नव्हते, एवढे म्हणता येईल. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा हवा कमालीची कोरडी असते. फिंगरबोर्डचे, म्हणजे फ्रेट बसवलेल्या नेकच्या पुढच्या फळीचे, लाकूड ओलावा सोडून रुंदीत किंचित आकसते, धातूचे फ्रेट आकसत नाहीत आणि त्यांची टोके कडेबाहेर डोकावतात. त्याच कारणाने नेकचा बाकही बदलतो व तारा फ्रेटला लागू लागतात. पावसाळा सुरू झाला की यातले बरेचसे आपोआप मागे जाते, म्हणून मे महिन्यात घाईने टोके कापून घेण्याचे कारण नाही. पुढच्या उन्हाळ्यातही टोचू लागली, तर मात्र जाणकाराकडून बारीक कानशीने ती एकदाच घासून घ्यावीत. त्यानंतर हा त्रास सहसा उद्भवत नाही.

कूलरचे मात्र मनावर घ्या. दुपारी कूलरची ओली हवा आणि रात्री बंद केल्यावर पुन्हा कोरडी खोली, हा रोजचा झोका लाकडाला नुसत्या कोरड्या हवेपेक्षा अधिक बाधतो, आणि तारांना गंज चढतो तो वेगळाच. गिटार भिंतीवरून उतरवून बंद केसमध्ये, कूलरच्या झोतापासून दूर ठेवावी. साबणाच्या डबीला भोके पाडून तीत घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा घालून ती केसमध्ये ठेवली, तर आतली आर्द्रता पुष्कळ स्थिर राहते. ४५ ते ५५ टक्के ही मर्यादा लाकडाला मानवते. नेकचा बाक ट्रस रॉडने (नेकच्या आत असलेल्या धातूच्या सळईने) दुरुस्त करता येतो, पण तो एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि चावी अडली तर जोर न लावता थांबावे.

प्रश्न : लग्नसराईत आमचा ऑर्केस्ट्रा शिरपूर, शहादा, दोंडाईचा या भागात कार्यक्रम करतो. माझ्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअपची स्वस्त गिटार आहे. स्टेजवर दिवे लागले की ती सतत घरघरते. तिच्या जागी लेस पॉलच्या नमुन्याची गिटार घ्यावी का?
— एक वादक, शिरपूर

उत्तर : घरघरीचे मूळ सिंगल कॉइलच्या स्वभावातच आहे. तारेचे एकच वेटोळे असलेला पिकअप गिटारीच्या तारांचे कंपन पकडतो, तसाच आसपासच्या विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारवही पकडतो, आणि दिव्यांचे डिमर त्यात भर घालतात. यावर गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी तोडगा काढला : एकमेकांच्या उलट जोडलेली दोन वेटोळी आणि त्यांत चुंबकाचे परस्परविरुद्ध ध्रुव. त्यामुळे बाहेरची घरघर एकमेकींना छेदते आणि तारांचा आवाज मात्र एकत्र होतो. १९५५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून हे हंबकर लेस पॉलवर बसू लागले.

तरीही आपण लेस पॉल घेऊ नये, असे मी म्हणेन. फुगीर माथा आणि सांधलेला नेक स्वस्तात बसवताना कुठे ना कुठे काटछाट होतेच. त्याशिवाय या जातीचा हेडस्टॉक मागे कललेला असतो आणि नटच्या मागे, ट्रस रॉडची पोकळी असते त्याच ठिकाणी, लाकूड पातळ असते. ढोलक, स्पीकर आणि माणसे एकाच टेम्पोत भरून रात्री तीन वाजता परतणाऱ्या ऑर्केस्ट्रात ही गिटार एकदा आडवी पडली की मान तुटलीच म्हणून समजा. गिब्सनचाच ढंग हवा असेल तर लेस पॉल ज्युनियरच्या नमुन्याची, म्हणजे सपाट बॉडीची, गिटार शोधावी. १९५४ साली गिब्सनने ती स्वतःच स्वस्त गिटार म्हणून काढली होती, त्यामुळे तिची प्रत करताना फारसे काही गमवावे लागत नाही. पण ज्युनियरच्या मूळ घडणीत सिंगल कॉइलच असतो, म्हणून घेताना हंबकर बसवलेलीच पाहावी. आपल्या कामाला मात्र सर्वांत सोयीची गिटार म्हणजे ब्रिजपाशी एक हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल असलेली स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची.

नवी घेण्याआधी हातातल्या गिटारीचीही परीक्षा करा. पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी घरघर कमी होत असेल, तर आपला मधला पिकअप उलट वेटोळ्याचा आहे. स्टेजवर त्या दोन जागा अधिक वापराव्यात. तारांना हात लावताच घरघर दबत असेल, तर आतले शिल्डिंग (घरघर अडवणारे धातूचे आवरण) अपुरे आहे, आणि पिकगार्डखाली (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थच्या तारेला जोडल्यास पुष्कळ फरक पडतो. शेवटची गोष्ट जिवाची आहे. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात अर्थिंग बहुधा नसतेच. गिटारीच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे गाताना ओठ माइकला लागून झिणझिण्या आल्या, तर ती सूचना समजून वाजवणे तिथेच थांबवावे आणि ध्वनिव्यवस्था करणाऱ्यांना अर्थिंग करायला लावावे. ॲम्पच्या तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसण्याची आपल्याकडची रीत तर ताबडतोब बंद व्हावी.

प्रश्न : स्वस्त गिटारीच्या माहितीपत्रकात बासवुड, पॉप्लर, नाटो अशी लाकडे लिहिलेली असतात. महोगनी किंवा ॲश असल्याशिवाय खरा आवाज येत नाही का?
— एक विद्यार्थी, नंदुरबार

उत्तर : येतो. भरीव बॉडीच्या गिटारीत पिकअप, तारा, ॲम्प आणि वाजवणाऱ्याचा हात यांचा वाटा लाकडाच्या जातीपेक्षा फार मोठा असतो. लाकूड हलके, कोरडे आणि स्क्रू घट्ट धरून ठेवणारे असावे, एवढेच पाहावे.

प्रश्न : ॲम्पसाठी पैसे उरले नाहीत. गिटार घरच्या होम थिएटरला किंवा मिक्सरला थेट जोडली तर चालेल का? मला घरीच अहिराणी गाण्यांचे ध्वनिमुद्रण करायचे आहे.
— एक वाचक, धुळे

उत्तर : आवाज येईल, पण तो मेलेला आणि बोथट येईल. गिटारीचा पिकअप क्षीण विद्युत्संकेत देतो आणि त्याला सुमारे एक मेगाओहमचा उच्च रोध असलेले प्रवेशद्वार लागते. होम थिएटरचे किंवा मिक्सरचे साधे प्रवेशद्वार त्या संकेतातले वरचे स्वर गिळून टाकते. आपला हेतू ध्वनिमुद्रणाचा असल्यामुळे ॲम्पऐवजी वाद्यासाठी स्वतंत्र प्रवेश असलेला लहानसा ऑडिओ इंटरफेस घ्यावा. तो संगणकाला जोडला की ॲम्पचे आवाज देणारी मोफत सॉफ्टवेअर वापरता येतात, हेडफोनवर रात्री सराव करता येतो आणि त्याच यंत्रावर माइक लावून गाणेही मुद्रित होते. दहा-पंधरा वॅटचा सरावाचा ॲम्प पुढे कधीतरी, जुना मिळाला तरी चालेल. फक्त घेताना त्याची बटणे फिरवून खरखर ऐकावी आणि प्लगची तिसरी, अर्थची, पिन शाबूत आहे ना, ते पाहावे.