गणित नको म्हणून बी ग्रुप?

दहावीचा निकाल लागला की लातूरला माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘पोराला गणित जमंना, बी ग्रुप देऊन टाकावा का?’ बी ग्रुप म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र आणि पुढे ‘नीट’, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा.

औशाकडची एक मुलगी वडिलांसोबत आली होती (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). बाकी विषयांत उत्तम, गणितात काठावर. “मॅडम, गणित सोडून काहीबी चालंल.” डॉक्टर व्हायचंय का, विचारलं तर गप्प. वडिलांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे आतली वायर नव्याने गुंडाळून द्यायचं दुकान. “सुट्टीत हीच बसती दुकानात. मोटार भरायलाबी शिकली,” ते सहज बोलून गेले.

मी तिला त्याच विषयावर आणलं. जळालेली मोटार आली की काय करतेस? जुनी वायर काढताना कॉइलचे वेढे मोजायचे, गेज म्हणजे वायरची जाडी बघायची, तांबं किती लागेल ते काढून गिऱ्हाइकाला दर सांगायचा. एका मोटारीचा हिशेब तिने तोंडी केला, बरोबर. मग तेच आकडे थोडे बदलून कागदावर दिले आणि मोबाइलवर ५ मिनिटं लावली. पहिली ओळ लिहून खोडली, परत लिहिली, परत खोडली. पुढे हात चालेना.

आकडेमोड करताना मधल्या पायऱ्या डोक्यात धराव्या लागतात. ‘चुकलं तर?’ या धास्तीने तिथलीच जागा अडते आणि येत असलेलंही सुचत नाही. अर्थात सगळा दोष भीतीचा नव्हता. तिचे अपूर्णांक खरोखर कच्चे होते.

वडिलांना सांगितलं, बी ग्रुप घेऊन गणित सुटत नाही. नीटच्या ७२० पैकी १८० गुण भौतिकशास्त्राचे, तिथे आकडेमोड आलीच. कला शाखेतून पोलीस भरतीला जा, लेखी परीक्षेत अंकगणित आहेच. जीवशास्त्र आवडत असेल तर खुशाल घ्या. पण वैर गणिताशी म्हणून डॉक्टरकी लेकीच्या गळ्यात बांधू नका. क्लासची फी भरून दोन वर्षांनी हे उमगलेली मुलं मला दरवर्षी भेटतात.

तिने इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा अर्ज भरला. प्रवेश दहावीच्या गुणांवर, शिक्षण ३ वर्षांचं. गणित तिथेही आहे, हे आधीच सांगून ठेवलं. सुट्टीत सातवी-आठवीची पुस्तकं काढली. घड्याळ न लावता रोज थोडी उदाहरणं, आणि हात बसलेल्या प्रकारालाच वेळ लावायची.

पहिल्या सत्रात गणितात जेमतेम पास झाली. वडिलांचा नाराजीचा फोन आला. मी तिलाच द्यायला सांगितला. म्हणाली, “मॅडम, वर्कशॉपचे मार्क विचारा की आधी!”