पडलेल्या पाइनपेक्षा मोठं नुकसान

जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४६, पगार दीड लाख डॉलर, मुलगी दहावीत. २०१६ साली त्यांनी ऑगस्टाच्या दक्षिणेला ६० एकर पाइनचं रान घेतलं, एक लाख वीस हजार डॉलरना. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात त्यातल्या ४० एकरांवरची झाडं आडवी झाली. फॉरेस्टरने, म्हणजे झाडांची मोजणी करणाऱ्या वनतज्ज्ञाने, नुकसान ४५ हजारांचं काढलं. ते विचारतात, हे ४५ हजार पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतील ना? आणि पुन्हा लागवडीला १६ हजार लागतील, ते विमा पॉलिसीवर कर्ज काढून उभे करू का? एजंटने सांगितलंय की ते पैसे करमुक्त मिळतात.

आधी वजावटीचं. ४५ हजार मिळणार नाहीत. आपत्तीत गेलेल्या झाडांची वजावट बाजारभावाने मिळत नाही. बाजारमूल्यातली घट आणि त्या झाडांवर तुमचा स्वतःचा घातलेला खर्च, यांत जे कमी असेल तेवढीच मिळते. तुम्ही जमीन घेतली तेव्हा झाडं दहा वर्षांची होती. एकरी २,००० मधले झाडांचे फार तर ३०० धरा. म्हणजे साऱ्या रानाचे १८ हजार. पुढच्या आठ वर्षांत झाडं वाढली, त्या वाढीवर तुम्ही कर भरलेला नाही, म्हणून ती गेली तरी वजावट नाही.

हे १८ हजारही कागदावर हवेत. खरेदीच्या वेळी जमिनीची किंमत किती आणि झाडांची किती, हे तुम्ही वेगळं केलं नव्हतं, असं पत्रावरून दिसतं. हरकत नाही. फॉरेस्टरकडून २०१६ चा लाकूडसाठा मागे जाऊन काढून घ्या, त्यावर किंमत वाटता येते. २०२४ चं रिटर्न भरून झालं असलं तरी तीन वर्षांच्या आत ते दुरुस्त करता येतं. रान गुंतवणूक म्हणून धरलेलं असेल तर ही वजावट आयटमाइज करणाऱ्यालाच, म्हणजे ठोक वजावट न घेता एकेक खर्च दाखवणाऱ्यालाच मिळते. तुमचं घराचं व्याज, २०२४ च्या मर्यादेप्रमाणे जास्तीत जास्त १० हजारांपर्यंतचे राज्य आणि स्थानिक कर आणि हे १८ हजार मिळून २९,२०० च्या, म्हणजे पती-पत्नींच्या २०२४ च्या ठोक वजावटीच्या, वर जितके जातील, तितकाच फायदा. सगळं जुळून आलं तर पाचएक हजार डॉलर वाचतील. मोडक्या लाकडाचे जे सहा हजार आले, ते दोन वर्षांच्या मुदतीत लागवडीत घातले तर त्यावरचा कर पुढे ढकलता येतो.

याहून मोठी गोष्ट राज्याची आहे. हेलीननंतर जॉर्जियाने २०२५ मध्ये कायदा करून वादळग्रस्त काउंटींमधल्या, पुन्हा लागवड करणाऱ्या रानमालकांना एकरी ५५० डॉलरपर्यंत क्रेडिट देऊ केलं. क्रेडिट थेट करातून कमी होतं, उत्पन्नातून नाही. ४० एकरांचे जास्तीत जास्त २२ हजार. त्यासाठी राज्याच्या महसूल खात्याकडे अर्ज लागतो. तुम्ही केला होता का, हे पत्रात कुठेच नाही. अर्जाचं काय झालं, हे तुमच्या सीपीएला (कर सल्लागाराला) आजच फोन करून विचारा.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी, सहज म्हणून, तीन वाक्यं आहेत. चार वर्षांपासून महिन्याला हजार डॉलर आययूएल पॉलिसीत (शेअर निर्देशांकाला जोडलेला आयुर्विमा, जिच्यावर कर्ज काढायचं म्हणताय तीच) जातात, मुलीच्या कॉलेजसाठी. ते झेपावं म्हणून ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्ती बचत, थांबवलंय, 'झाडं विकली की परत सुरू करू'. आणि जमिनीसाठी घर तारण ठेवून काढलेल्या होम इक्विटी कर्जाचे ४८ हजार अजून बाकी आहेत, साडेआठ टक्क्यांनी.

ही तीन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही ४०१(के) मध्ये पैसे घातले तर तुमची कंपनी पगाराच्या चार टक्के मॅच देते, म्हणजे स्वतःचे पैसे त्यात घालते. वर्षाला सहा हजार, चार वर्षांचे चोवीस. त्यावरची वाढ तर मी धरलेलीच नाही. वादळाच्या वजावटीतून पाच हजार वाचवायला तुम्ही धडपडता आहात, आणि मालक हातात देत असलेले चोवीस हजार सोडून दिलेत. हे सोडायला तुम्हाला ज्याने सांगितलं, त्याला पॉलिसीवर कमिशन मिळतं, मॅचवर मिळत नाही.

पॉलिसीत ४८ हजार गेले, आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर २७ हजार हातात येतील. मुलगी तीन वर्षांत कॉलेजला जाणार आणि या पॉलिसींचे सरेंडर चार्ज दहा-पंधरा वर्षं चालतात. पंधरा वर्षांच्या आत लागणाऱ्या पैशासाठी एजंटने ही पॉलिसी तुम्हाला विकणं चूकच. 'करमुक्त' म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला व्याजाने परत. उत्पन्न नाही म्हणून कर नाही, एवढंच. त्या पैशांनी पाइन लावलं तर पहिली विरळणी पंधरा वर्षांनी, चांगलं इमारती लाकूड पंचवीस-तीस वर्षांनी. तुम्ही तेव्हा सत्तरी गाठलेली असेल. शिवाय विरळणीचा माल जातो कागद गिरण्यांकडे, आणि २०२५ मध्ये इंटरनॅशनल पेपरने सव्हाना आणि राइसबरोच्या गिरण्या बंद केल्या. जमिनीच्या दलालाने दिलेला 'दहा वर्षांत दुप्पट'चा तक्ता फाडून टाका.

म्हणून पॉलिसीवर कर्ज काढू नका. या पगारापासून ४०१(के) निदान मॅचपुरतं सुरू करा, झाडांची वाट पाहू नका. पाच लाखांचा साधा टर्म विमा घ्या, तब्येत ठीक असेल तर महिन्याला शंभराच्या आत बसेल. तो मंजूर होऊन हातात आल्यावरच आययूएल सरेंडर करा, त्याआधी एक दिवसही नाही. भरलेल्यापेक्षा कमी मिळतंय, त्यामुळे त्यावर कर नाही. ते २७ हजार सरळ होम इक्विटी कर्जात घाला. वर्षाला सव्वादोन हजार व्याज वाचेल.

कॉलेजची धास्ती तुम्ही वाजवीपेक्षा जास्त घेतली आहे. मुलगी नागरिक असेल किंवा तिच्याकडे ग्रीन कार्ड असेल, तर जॉर्जिया राज्याची होप आणि झेल मिलर शिष्यवृत्ती पालकांच्या पगारावर नाही, तिच्या गुणांवर मिळते. झेल मिळाली तर जॉर्जिया टेकसारख्या सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी भागते. राहणं-जेवण तुम्हाला बघावं लागेल. पॉलिसीच्या सुटलेल्या महिन्याच्या हजारांतून ४०१(के) आणि टर्म विमा भागवून जे उरेल, ते तीन वर्षांत त्यासाठी साठू शकतं.

राहिलं रान. आजोबांची जमीन कोयनेच्या धरणाखाली गेली, म्हणून इथे मातीत काहीतरी असावं, असं तुम्ही लिहिलंय. त्या भावनेला मी हिशेबात बसवणार नाही. पण साडेआठ टक्क्यांच्या कर्जावर ती भावना सांभाळणं तुम्हाला जड जातंय. पडलेले ४० एकर विका, उभे २० ठेवा. एकरी १,३०० जरी आले तरी ५२ हजार होतात, सगळं कर्ज फिटतं आणि उरलेल्या वीस एकरांवर कुणाचं देणं राहत नाही. ४० विकायचे ठरले तर तिथे लागवड नको आणि तिचं क्रेडिटही नको. हा निर्णय आधी घ्या, अर्जाचं नंतर बघा. विकण्याआधी काउंटीबरोबरचा मालमत्ता कराच्या सवलतीचा दहा वर्षांचा सीयूव्हीए करार अजून चालू आहे का, ते पाहा. चालू असताना मोडला तर दंड भरावा लागतो. खरेदीदार तो पुढे चालवायला तयार असेल, तर तसं व्यवहाराच्या कागदातच लिहून घ्या.