अबोला धरून मार्क वाढत नाहीत

पत्र : "मुलगी बारावी सायन्स, ७८ टक्के. नीट दोनदा दिली, यंदा २९४. नागपूरच्या क्लासची फी पीककर्जातून भरली. आता म्हणते अमरावतीला बीए करते, मानसशास्त्र घेते, त्यातलं मानवतावादी की काय ते शिकायचं आहे. आम्ही पाच एकरवाले कोरडवाहू कास्तकार. आधी पोट, मग मन. क्लासच्या पालक मेळाव्यातही सरांनी तोच गरजांचा पिरॅमिड दाखवला होता. निकालापासून मी तिच्याशी बोलत नाही, मार्क आणेल तेव्हा बोलेन. तीही आमच्यासोबत जेवायला बसत नाही, सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानंच खाते. तिसऱ्यांदा बसवू का?" – एक पालक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

भाऊ, रामराम.

तिसऱ्यांदा बसवायचं की नाही, ते मी आज सांगणार नाही. पत्रात मार्क आहेत, फी आहे, कर्ज आहे. पोरीचं नाव कुठंच नाही. आणि ती उभ्यानं खाते, हे तुम्ही तिच्या तक्रारीसारखं लिहिलंय. मला ते तुमच्याविषयी वाटलं.

तुमची लेक ज्या मानवतावादी मानसशास्त्राचं नाव घेते ना, म्हणजे माणसाच्या वाढीवर आणि स्वीकारावर भर देणारं मानसशास्त्र, त्यातल्या कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं नेमकं यावरच लिहून ठेवलंय. घरची माया अटीवर मिळायला लागली की मूल स्वतःची किंमतही त्याच अटीवर लावतं. मार्क आले तर मी या घरची, नाही आले तर ताटावर बसायचा हक्क नाही. अट न घालता माणूस स्वीकारणं म्हणजे लाड नव्हेत, हेही ऐका. "पैसे संपले, आणखी एक वर्ष झेपत नाही" असं तिला तोंडावर सांगा, खुशाल सांगा. पण मार्क कमी पडले म्हणून हाक मारणं बंद करणं, हे बापाचं काम नाही.

आज संध्याकाळी तिला ताटावर बोलवा. नीटचा विषय काढू नका. नंतर एकटी असताना सरळ विचारा, "जिवाचं काही वाईट करावं असं मनात येतं का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट असला तर बाहेर येतो. ती हो म्हणाली किंवा नुसती गप्प राहिली, तर तिला एकटं सोडू नका, १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर फोन लावा. तो फुकट आहे, मराठीतही बोलतात. फवारणीची औषधं घरात असतील तर कुलपात टाका, किल्ली स्वतःकडे ठेवा. आपल्या भागात हे का सांगावं लागतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता त्या पिरॅमिडचं. अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या गरजांची पायरीपायरीनं मांडणी १९४३ मध्ये केली, तळाशी पोट, मग सुरक्षितता, पण तो त्रिकोण काही त्यानं काढलेला नाही. नंतरच्या लोकांनी काढला आणि प्रत्येक व्याख्यात्यानं उचलला. खालची पायरी पूर्ण भरल्याशिवाय वरची सुरूच होत नाही, असंही तो म्हणत नव्हता. बहुतेक माणसांच्या सगळ्याच गरजा एकाच वेळी थोड्या भागलेल्या, थोड्या अपुऱ्या असतात, असं त्यानं त्याच लेखात लिहिलंय. शिवाय पोट आणि सुरक्षितता यांच्या लगेच वर त्यानं काय ठेवलंय? माया, आपलेपणा. मान-सन्मान, ज्यात तुमचे ते मार्क येतात, त्याच्याही वर. म्हणजे क्लासच्या सरांचाच पिरॅमिड धरला तरी तुमच्या घरी अडलंय ते मार्कांच्या खालच्या पायरीवर. पोट भरल्याशिवाय मन नसतं, हे कर्जात बुडालेल्या कास्तकारानं तरी म्हणू नये.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात: बीए, मग एमए, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी. औषधं लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ व्हायला मात्र एमबीबीएसच लागतं. नुसत्या बीएवर समुपदेशकाची नोकरी मिळेल या भरवशावर राहू नका, हे तिलाही सांगा. चार रविवारात 'लाइफ कोच' बनवणाऱ्या जाहिराती तिच्या मोबाइलवर येत असतील, त्यात एक रुपया घालू नका.

आणि लाइन बदलली म्हणजे पोरगी वाया गेली, असं वाटत असेल तर ऐका. हा रॉजर्स शेतावर वाढलेला. १९१९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यानं शेतकीलाच नाव घातलं होतं. तिथून इतिहास, मग धर्मशिक्षण, मग कुठं मानसशास्त्र.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही वाचू नका. नीट तिला स्वतःला हवी होती का, आणि मानसशास्त्र खरंच आवडतं की फक्त बायोलॉजीतून सुटका हवीय, हे तिनं मला कळवावं. दुसरं असेल तर मी तिलाही बीए नको म्हणेन.